मोहबोडीचं आवतण

आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या दिवसांत पाहुण्याला दोन गोष्टी विचारायच्या नसतात. कशाला आलात हे विचारायचं नसतं आणि कधी जाणार हेही विचारायचं नसतं. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात, आज या गावची, उद्या त्या गावची. दुकानं लागतात, जिलेबी तळली जाते, दिवसा दंडार नाचते, रात्री नाटक होतं आणि घरोघरी पाहुणे उतरतात. ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याची मंडई फुकट गेली असं समजतात. पाहुण्याने निघताना एकच करायचं असतं. आपल्या गावच्या मंडईचं आवतण द्यायचं. तुमच्याकडे जेवलो, आता तुम्ही आमच्याकडे जेवायला या, इतकी साधी रीत आहे.

बहुतेक वेळा हे आवतण तोंडदेखलं असतं. देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. मी मात्र एकदा ते खरं करून दाखवलं. उमाजीमामांबद्दल सांगायचं तर तिथूनच सांगावं लागतं, आणि सांगताना माझी बाजू घेण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

मी हरिदास, नागभीडजवळ सावरगावच्या शाळेत शिक्षक होतो. स्वभावाने तापट. परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारा आमच्या केंद्रात दुसरा नव्हता, आणि याचा मला अभिमान होता. पोरगा कोणत्या खिशात हात घालतो यापेक्षा कोणत्या खिशात घालत नाही हे पाहायचं, असं मी नव्या शिक्षकांना शिकवत असे. घरी बायको नीलिमा आणि लहानगी आचल. भाड्याच्या दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर आणि पुढे पडवी.

उमाजीमामा माझ्या सासूच्या मावसबहिणीचे दीर. नातं सांगायला बोटं मोजावी लागत, पण आमच्याकडे नातं लांबचं म्हणून ताट लहान करत नाहीत. जात आमची ढिवराची, मासे धरणाऱ्यांची. बापजाद्यांनी तलाव उपसले, मी पुस्तकं उघडली, एवढाच फरक. मामा पासष्टीचे असतील. अंगावर धुतलेलं धोतर आणि सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि काखेत एक कापडी पिशवी. पिशवीत नायलॉनच्या दोऱ्याचे गुंडे, जाळं विणायची बांबूची सुई आणि मापाची पट्टी. दरवर्षी आमच्या मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी ते दारात उभे राहत. नेहमी आंघोळ करून आलेले, केस ओले. इतक्या सकाळी हा माणूस कुठून आंघोळ करून येतो हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

आले की ते पडवीच्या खांबाला दोरा बांधून विणायला बसत. आमच्या घरी पाण्यात फेकून मासे धरायचं एक जुनं जाळं होतं, माझ्या वडिलांचं. त्याची फाटलेली घरं त्यांनी एका वर्षी नवी करून दिली, दुसऱ्या वर्षी काठ बांधला, तिसऱ्या वर्षी म्हणाले, "हे जुनं झालं जी, नवंच विणून देतो." आणि नवं सुरू केलं. पैसे द्यायला गेलं तर हात मागे घेत. विणता विणता आचलला गोष्टी सांगत, नीलिमाला भाजी निवडून देत. शेजारच्या बायनाबाईची चाळण तुटली तर तीही त्यांनी दुरुस्त करून दिली. नीलिमाला ते आवडत. खरं सांगायचं तर मलाही आवडत, पण पहिले दोन दिवस.

तिसऱ्या दिवसापासून मला त्यांचं बोलणं टोचायला लागे, कारण ते घराबद्दल बोलत.

"गुरुजी, माह्यं घर एकदा पाहा तुमी," ते म्हणत. "मोहबोडीले, तलावाच्या पाळीखालीच, बांधाले लागून. चार खणाचं हाये. भित्ती मातीच्या, पण हातभर रुंद. उन्हाळ्यात पंखा लागत नाई. दारात शेवगा, मांगं सांदवाडी, तिच्यात वालाचा मांडव. माह्या बायकोनं लावला होता शेवगा."

मी टिनाखाली घाम पुसत ऐके. स्वतःचं घर बांधायचं माझं स्वप्न तेव्हा सिमेंटच्या पोत्याइतकंही पुढे सरकलं नव्हतं. आणि हा माणूस, चार खणांच्या घराचा धनी, माझ्या पडवीत आठ-आठ दिवस घोंगडी अंथरून झोपतो. मी नीलिमाला म्हणालोही, "एवढं घर आहे तर तिथं का नाही राहत?"

"एकटे आहेत. करमत नसेल," ती म्हणाली.

आमच्याकडून ते तळोधीला जात, तिथून सिंदेवाहीकडे, तिथून मूलच्या बाजूला कोणा भाचीकडे. मंडया संपल्या की लग्नं. लग्नं संपली की पावसाच्या तोंडाशी जाळ्यांची डागडुजी, तेव्हा तर ढिवरांच्या घरी त्यांना बोलावणंच असे. पावसाळ्यात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या नाल्याला पूर येई आणि मामा कुठल्या ना कुठल्या गावी अडकत. लोक हसून म्हणत, "उमाजी आला म्हणजे पूर येते." हे सगळं मला ऐकून माहीत होतं. ते एकापुढे एक मांडून पाहायचं मात्र माझ्यासारख्या हुशार मास्तरला सुचलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली ते आमच्याकडे आठ दिवस राहिले. नव्या जाळ्याचं अर्धं विणून झालं होतं. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी बांधायला घेतली आणि नेहमीचं म्हणाले, "गुरुजी, आमच्या मंडईले या बरं. बाईले, पोरीले घेऊन या. पाळीखालीच घर हाये, कोणालेई पुसा."

"येतो मामा," मी म्हणालो. "यंदा नक्की."

गाठ मारता मारता त्यांचा हात थांबला. "याल?"

"का? नको येऊ?"

"असं कसं जी. या ना. या. पंधरा रोज हायेत अजून." त्यांनी बांधलेली गाठ सोडली, पिशवीतले गुंडे उगाच खालीवर केले आणि पुन्हा बांधली. पोराने चुकीच्या खिशात हात घातला की मला लगेच कळतं, तसं मला तेव्हा काहीतरी कळलं. आणि मला बरं वाटलं. ही लाज मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही. मी मोहबोडीला जेवायला निघालो नव्हतो, तपासायला निघालो होतो.

पंधरा दिवसांनी आम्ही तिघं एसटीने मोहबोडीच्या फाट्यावर उतरलो. मामा तिथं उभे होते. पानठेल्यावाला म्हणाला, "बाबा सकाळपासून उभे हायेत." त्यांनी आचलला कडेवर घेतलं, एवढी आठ वर्षांची घोडी, आणि पाळीवरून गावापर्यंत उतरवलं नाही.

घर तसंच होतं. पाळीखाली चार खणांचं, रुंद भिंतींचं. दारात शेवगा, मागे वालाचा मांडव. ओसरी ताज्या चुन्याने पांढरी केली होती आणि सतरंजी अंथरली होती. मी मनात जरा वरमलो. मामांनी आत हाक मारली तशी एक तिशीची बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"हे प्रेमिला," मामा म्हणाले. "घरचीच समजा."

ओसरीवर गावातली दोन म्हातारी माणसंही बसली होती, बुधू आणि लच्छू. दोघेही आमच्याकडे पाहून फार हसत होते आणि फार कमी बोलत होते. तेव्हा ते मला साधं वाटलं.

मामांनी पहाटे तलावात स्वतः जाळं टाकून मरळ धरली होती. प्रेमिलाने रस्सा केला होता, सोबत नव्या तांदळाचा भात. वाढायला मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. "माह्या घरी पाहुणे आले, मी वाढतो," म्हणाले. घराघरांत पाहुणा म्हणून बसणारा तो माणूस त्या दिवशी यजमान झाला होता आणि त्याचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. नीलिमाला तीनदा भात वाढला.

दोन घास खाऊन आचल म्हणाली, "मीठ कमी आहे."

"आणतो, आणतो," म्हणत मामा आत गेले. डब्यांचा आवाज झाला. वाटीत काहीतरी घेऊन आले आणि तिच्या ताटात चिमूटभर टाकलं. आचलने चाखलं आणि खिदळली. साखर होती. बुधू आणि लच्छू ताटात पाहत राहिले. मामाही हसले आणि पुन्हा आत गेले. प्रेमिला मागे विहिरीवर होती. दारातून मला आतलं दिसत होतं. मामा फळीसमोर उभे होते आणि एकेक डबा उघडून आत पाहत होते, वास घेत होते, झाकण लावत होते. ज्या घरात माणूस राहतो त्या घरातलं मीठ त्याला अंधारातही सापडतं.

मी दाराच्या चौकटीकडे पाहिलं. खिळ्याला विजेचं बिल टोचलेलं होतं. मी शिक्षक, भिंतीवर अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहत नाही. बिलावर नाव होतं भूपेश शेंडे.

"मामा, हा भूपेश शेंडे कोण?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

आतला डब्यांचा आवाज थांबला.

"जेवा ना गुरुजी," बुधू म्हणाला. "थंडा होऊन राह्यला भात."

"जेवतो. पण घर मामांचं आणि बिल भूपेशचं, हे कसं?"

नीलिमाने माझ्या मांडीला हात लावला. मी तो बाजूला केला. मामा दारात आले. मीठ सापडलं होतं, हातात बरणी होती. "ते नाव," ते म्हणाले, "नाव बदलवाचं राह्यलं जी."

"राहिलं नाही, बदललेलं आहे," मी म्हणालो. माझा आवाज वर्गातला झाला होता, मलाच ऐकू येत होता. "एका शब्दात सांगा. हे घर कोणाचं आहे?"

मागच्या दारातून प्रेमिला आत आली होती. हात ओले, कडेवर घागर. ती घाईने म्हणाली, "मामाचंच हाये, गुरुजी. आमी त राह्यतो फक्त."

एवढ्यावर थांबता आलं असतं. ती बाई स्वतःचं घर दुसऱ्याच्या नावावर करून देत होती आणि मी तिच्याकडे पाहत होतो ते पुढचा प्रश्न कोणता विचारावा म्हणून. पण मामांनीच ते संपवलं.

"नाई," ते म्हणाले. "प्रेमिलाचं हाये. माह्यं होतं. आता नाई."

मग ते खाली वाकले, आचलच्या ताटात चिमूटभर मीठ टाकलं, "जेव बाई" म्हणाले, बरणी सतरंजीच्या कडेला ठेवली आणि चपला न घालता पाळीच्या दिशेने निघून गेले. मी त्यांच्या पाठीवर म्हणालो, "पाच वर्षं आमच्या घरी जेवला, लबाड माणूस." हे त्यांना ऐकू गेलं की नाही मला ठाऊक नाही. आचलला ऐकू गेलं.

बाकीचं प्रेमिलाने सांगितलं. मोठ्याने नाही, रागाने नाही, खरकटी ताटं उचलता उचलता सांगितलं. मामांची बायको सुकरी त्र्याण्णव साली वारली. एकुलता मुलगा अमर नागपूरला ऑटो चालवतो. त्याने घर भूपेशला, प्रेमिलाच्या नवऱ्याला, विकलं आणि बापाला घेऊन गेला. वाईट मुलगा नव्हता तो. एक खोली, त्यात तो, बायको आणि दोन लेकरं. रात्री पाय ठेवायला जागा नसे, म्हणून मामा जिन्यात झोपत. येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जात. घरमालक बोलायला लागला. पुढच्या सालच्या दिवाळीनंतर मामा अमरला म्हणाले, मंडईले जाऊन येतो, आणि मोहबोडीला आले. आपल्याच ओसरीवर चार दिवस पाहुणे म्हणून राहिले.

"आमी थांबा म्हटलं," प्रेमिला म्हणाली. "त म्हणाले, पाहुणा किती रोज राह्यते? अन् तुमच्या गावाले गेले. मंग तसंच. पोराले कार्डावर लिवते का मी गावालेच हाये, मजेत हाये. गावोगावी सांगते का माह्यं घर हाये मोहबोडीले. पोराले वाटते बाप घरी हाये, अन् लोकायले वाटते याले घर हाये."

"आणि आज?" नीलिमाने विचारलं.

"पंधरा रोजाआधी आले. येऊन बसले, चहा घेतला, बोलेचना. मंग म्हणाले, प्रेमिला, एक रोज मले घर देशील का? पाहुणे येऊन राह्यले. म्या त म्हटलं, आठ रोज घ्या ना." तिने ताटं खाली ठेवली. "ओसरी त्यायनच सारवली, चुना त्यायनच मारला. आळीत सारे जण ठरवून बसलो होतो, कोणी बोलाचं नाई."

सगळी आळी एका म्हाताऱ्याची लाज झाकून बसली होती आणि मी ती बिल वाचून उघडी केली. लच्छूने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो सतरंजीची घडी घालत होता.

"जा, त्यांना बोलवून आणा," नीलिमा म्हणाली.

मी नाही गेलो. लाज वाटत होती, पण ती राग बनून बाहेर येत होती. "लाज त्यांना वाटायला पाहिजे," मी म्हणालो. तीनच्या एसटीने आम्ही परतलो. फाट्याकडे जाताना मामा पाळीवर बसलेले दिसले, तलावाकडे तोंड करून. आचलने हाक मारली. त्यांनी हात वर केला, पण वळले नाहीत.

पुढचं तर त्याहून वाईट आहे. लाजेला गप्प बसवायचं म्हणून मी ती गोष्ट सांगत सुटलो. शाळेत सांगितली, केंद्रसभेत सांगितली, तळोधीच्या मंडईत नातेवाइकांच्या पंगतीत सांगितली. साखरेचा किस्सा रंगवून सांगे, बिलाचा त्याहून रंगवून. लोक हसत. "मास्तरच्या हातून सुटणार आहे का कोणी?" म्हणत. दोन-तीन महिन्यांत मामा ज्या ज्या घरी उतरत त्या सगळ्या घरांना कळलं. कोणी त्यांना वाईट बोललं नाही. फक्त आता प्रत्येकाला ठाऊक होतं की हा माणूस आपल्याकडून निघाला तर कुठेच पोचत नाही. मग त्यांना वाढताना हात जरा आखडतो, कधी जाणार हे न विचारताही डोळ्यांत दिसतं. मामांना ते दिसलं असणारच. भाजी निवडणाऱ्याला वाढणाऱ्याचा हात कळतो.

पुढच्या दिवाळीला ते आमच्याकडे आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. अर्धं विणलेलं जाळं पडवीच्या खांबाला तसंच लोंबत होतं. मी ते काढायला गेलो तर नीलिमा म्हणाली, "राहू द्या." एवढंच. या विषयावर ती माझ्याशी तेवढंच बोलली, आणि ती भांडली असती तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं. मला वाटत होतं मी एक खोटं पकडलं. पण त्या खोट्याखाली एक म्हातारा झोपत होता आणि त्याच्या डोक्यावर तेवढंच होतं.

दोन हजार एक सालच्या मार्चमध्ये मी प्रशिक्षणासाठी नागपूरला निघालो. नागभीडच्या स्टेशनवर छोट्या लाईनच्या गाडीची वाट पाहत होतो. नळाजवळच्या बाकावर मामा बसले होते. धुतलेलं धोतर तारेच्या कुंपणावर वाळत घातलेलं. बाकाच्या हाताला दोरा बांधून ते विणत होते. वाळले होते, दाढी वाढली होती, पण हात तसेच चालत होते. पायाशी विणलेल्या जाळ्याचा ढीग पडला होता. एवढं मोठं जाळं कोणत्या तलावासाठी, ते कोणाला ठाऊक.

चहावाल्या रिंकूला मी हळूच विचारलं.

"तो बाबा? गाडीची वाट पाह्यते रोज," तो म्हणाला. "गाडी येते, जाते. पुसलं त म्हणते, पुढच्या गाडीनं पोरगा येऊन राह्यला."

मी जाऊन त्यांच्या पाया पडायला हवं होतं. मी काय केलं? वेळापत्रकाच्या फळ्यामागे जाऊन उभा राहिलो. गाडी लागली तेव्हा पलीकडच्या दाराने चढलो, त्यांना दिसू नये म्हणून. खिडकीही लावून घेतली. उन्हाळ्याचे दिवस, डबा तापलेला, शेजारचा म्हणाला, "खिडकी काऊन लावली जी?" मी म्हणालो, धूळ येते. गाडी अजून हललीही नव्हती.

तीन दिवस प्रशिक्षणात काय शिकवलं ते मला आठवत नाही. चौथ्या दिवशी परत आलो ते ठरवूनच. म्हातारा नाही म्हणाला तरी उचलून न्यायचं. नीलिमाला काही सांगायचं नाही, फक्त दारात उभं करायचं. नागभीडला उतरलो. बाक रिकामा होता. कुंपणावर धोतर होतं.

"परवा ताप आला त्यायले," रिंकू म्हणाला. "बोलेचना. स्टेशनच्या लोकायनं गाडीत घालून ब्रह्मपुरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं." त्याने ठेल्याखालून कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली. "तुमी ओळखता काय?"

मी "हो" म्हणालो, कुंपणावरचं धोतर काढून घडी केली आणि ब्रह्मपुरीची गाडी धरली.

मोठ्या खोलीत कोपऱ्याच्या खाटेवर मामा होते. हाताला सलाईन लावलेलं. खाटेजवळ स्टुलावर दवाखान्यातला बाबू कागद घेऊन बसला होता, बिचारा घामाघूम झाला होता.

"पत्ता सांगा बाबा, नीट सांगा," तो म्हणत होता.

"मोहबोडी," मामा म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता. "तलावाच्या पाळीखाली."

"स्टेशनवाले म्हणतात तुम्ही दोन वर्षं बाकावरच आहात. तिथं खरंच घर असेल तर सांगा. नाही तर मला बेवारस लिहावं लागतं."

मामांनी तो शब्द ऐकला. त्यांचा मोकळा हात चादरीवर चाचपडायला लागला, फळीवरचे डबे चाचपडावेत तसा. काही सापडलं नाही. डोळे वळले तेव्हा त्यांना मी दिसलो, काखेत त्यांची पिशवी आणि हातात त्यांच्या धोतराची घडी घेऊन उभा. त्यांनी लगेच डोळे मिटून घेतले. मास्तर आला म्हणजे आता खरं काय ते बाहेर पडणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार होतं?

बाबूने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ओळखता यांना? आहे का यांचं घर तिथं?"

"आहे," मी म्हणालो. "मोहबोडीला. पाळीखाली चार खणांचं घर आहे. दारात शेवगा आहे. लिहून घ्या. मी जेवलो आहे त्या घरी."

बाबूने लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेला. मी स्टुलावर बसलो. आता माफी मागायची होती; मी धोतराची घडी त्यांच्या उशाशी ठेवली. मामांनी डोळे उघडले नाहीत. झोपले असं वाटलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "त्या रोजी मीठ कमी पडलं होतं."

"नाही मामा," मी म्हणालो. "बरोबर होतं."